मोडेमची जोडी जुळवताना

‘५६ के’ असे ठळक छापलेले दोन मोडेम विकत आणले. एक मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला लावला, दुसरा शाखेतल्या संगणकाला. दोन्हीकडे साधी टेलिफोन लाईन. जोडणी किती वेगाची होईल? फार तर ३३.६ किलोबिटची. लाईन कितीही स्वच्छ असो, मोडेम कितीही महागाचे असोत, हा आकडा ओलांडता येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अनेक कार्यालयांनी हा खर्च केला आणि मग दोष लाईनला किंवा विक्रेत्याला दिला. वेग हा एकट्या मोडेमचा गुण नाही. दोन टोकांचे मोडेम, मधली लाईन आणि दोन्हीकडचे संगणक मिळून तो ठरवतात. म्हणूनच माझे म्हणणे असे, की दूरस्थ नेटवर्कसाठी मोडेम निवडायचा तर सुरुवात सर्व्हरच्या टोकापासून करावी. तिथे काय आहे हे कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

हा प्रश्न आता इतिहासजमा झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत एओएलनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. पण घरगुती इंटरनेट गेले म्हणून मोडेम गेला असे होत नाही. दूरच्या केंद्रावरचा राउटर अडकला, मुख्य जोडणी तुटली, तर राउटरच्या कन्सोल पोर्टला लावलेल्या मोडेमवर फोन करून आत शिरणे ही सोय अजून वापरात आहे. जुनी यंत्रे, मीटर, नियंत्रण पेट्या यांच्यापर्यंत पोचायलाही कित्येक ठिकाणी हीच वाट आहे. ही यंत्रे सांभाळणाऱ्याला जुळवाजुळवीचे सगळे जुने प्रश्न आजही भेटतात.

त्या प्रश्नांचे मूळ मानकांच्या इतिहासात आहे. १९८१ साली हेजचा स्मार्टमोडेम आला आणि संगणकाने मोडेमला हुकूम कसा द्यायचा याची भाषा ठरली. ‘एटी’ने सुरू होणारे ते हुकूम पुढे सगळ्यांनीच उचलले. पण हुकमाची भाषा एक झाली तरी लाईनवर दोन मोडेम आपसात काय बोलतात तो विषय वेगळा राहिला. ते काम आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या सीसीआयटीटीकडे होते. १९९३ पासून ती संस्था आयटीयू-टी या नावाने चालते. व्ही.२२बिस म्हणजे २४०० बिट, व्ही.३२ म्हणजे ९६००, १९९१ चे व्ही.३२बिस म्हणजे १४,४००, १९९४ चे व्ही.३४ म्हणजे २८,८०० आणि १९९६ च्या सुधारणेनंतर ३३,६००. शिडी अशी सरळ दिसते, पण प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठली तरी कंपनी आपली खासगी पायरी बसवून गेली होती.

टेलेबिटचा ट्रेलब्लेझर हे त्याचे उत्तम उदाहरण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, बाकीचे जग १२०० आणि २४०० वर असताना, या मोडेमने लाईनवरचा पट्टा पाचशेच्या आसपास बारीक वाहक लहरींत वाटून घेतला. ज्या लहरीवर खरखर असेल ती सोडून द्यायची, बाकीच्यांवर माहिती भरायची. खराब लाईनवर तर तो विलक्षण चाले. यूयूसीपीने मेल पाठवणाऱ्या युनिक्सवाल्यांचा तो लाडका होता, कारण यूयूसीपीच्या पोचपावत्या तो स्वतःच देऊन वेळ वाचवी. यूएस रोबोटिक्सने कुरियर एचएसटीत वेगळी युक्ती केली: एका दिशेला ९६०० बिट, उलट दिशेला जेमतेम काहीशे. दोन्ही यंत्रे कौतुकास्पद होती. पण ट्रेलब्लेझरचा खरा वेग समोर ट्रेलब्लेझर असेल तरच मिळे, आणि एचएसटीचा समोर एचएसटी असेल तरच. नाहीतर दोघेही निमूटपणे जुन्या, सर्वांना येणाऱ्या मानकावर उतरत. १९९३-९४ मध्ये व्ही.३४ ची वाट न पाहता बाजारात आलेल्या व्ही.एफसी मोडेमचीही तीच गत झाली. समोर निव्वळ व्ही.३४ असेल तर व्ही.एफसीचे २८,८०० विसरायचे आणि १४,४०० वर समाधान मानायचे.

व्ही.३४ बद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. टेलिफोनची लाईन ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेण्यासाठी बांधलेली असते. एवढ्या अरुंद पट्ट्यातून ३३.६ किलोबिट नेणे म्हणजे तात्त्विक मर्यादेच्या अगदी उंबऱ्याशी जाणे. त्यासाठी व्ही.३४ आधी लाईन तपासते. जोडणीच्या वेळी तो जो किंकाळ्या-खरखरीचा आवाज येतो, त्यातला मोठा भाग या तपासणीचा असतो. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा लांब सूर वाटेतल्या प्रतिध्वनी दाबणाऱ्या यंत्रणेला बाजूला व्हायला सांगतो. मग दोन्ही मोडेम अनेक सुरांचा एक संच सोडून कुठला सूर किती क्षीण होऊन पोचतो हे मोजतात, आणि प्रति सेकंद २४०० ते ३४२९ चिन्हांच्या सहा दरांपैकी त्या लाईनला झेपेल असा दर निवडतात. पुढे लाईन बिघडली तर बोलणे न तोडता वेग खाली आणतात, सुधारली तर वर नेतात. समोरचा मोडेम दुसऱ्या कंपनीचा असला तरी दोघांनी मानक नीट पाळले असेल तर ही घासाघीस यशस्वी होते. ‘नीट पाळले असेल तर’ हीच खरी अट. व्ही.३४ इतके गुंतागुंतीचे आहे की वेगवेगळ्या चिपच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये एकमेकांशी न जमणाऱ्या जोड्या निघत. फर्मवेअर बदलता येणारा मोडेम घ्यावा हा सल्ला तेव्हापासूनचा आहे.

आता ५६ के. या आकड्याने जितका गोंधळ केला तितका दुसऱ्या कशाने केला नसेल. नव्वदच्या दशकात टेलिफोन केंद्रे आतून डिजिटल झाली होती. माणसाचा आवाज केंद्रात पोचला की सेकंदाला ८००० वेळा मोजला जाई आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहिली जाई. म्हणजे ६४ किलोबिट. अॅनालॉगचे डिजिटल करताना थोडी चूक राहते, आणि तोच आवाजातला गोंगाट व्ही.३४ चा वेग अडवतो. एक्स२ आणि के५६फ्लेक्स या ५६ के च्या दोन पद्धतींच्या कर्त्यांनी ओळखले, की सेवा देणाऱ्याचा सर्व्हर थेट डिजिटल लाईनवर असेल तर त्याच्याकडून ग्राहकाकडे येताना हे रूपांतर होतच नाही. केंद्रातून बाहेर पडताना डिजिटलचे अॅनालॉग होते, इतकेच. आठातले सात बिट भरवशाने वापरता येतात, म्हणून सात गुणिले आठ हजार, छप्पन हजार. ग्राहकाकडून सर्व्हरकडे जाताना मात्र रूपांतर अटळ, म्हणून परतीचा वेग व्ही.३४ इतकाच.

सुरुवातीला दिलेल्या दोन मोडेमचे घोडे इथेच अडते. दोघेही साध्या लाईनवर, म्हणजे दोन्ही बाजूंना अॅनालॉग. डिजिटल टोक कुठेच नाही. ५६ के हवे असेल तर सर्व्हरकडे ई१ किंवा पीआरआय लाईन लागते आणि तिच्यावर बसणारी डिजिटल मोडेमची पेटी. भारतात आणि युरोपात एका ई१ वर तीस वाहिन्या येतात, अमेरिकेच्या पीआरआयवर तेवीस. आवाज अंकांत लिहिण्याची पद्धतही दोन्हीकडे वेगळी: आपल्याकडे ए-लॉ, अमेरिकेत म्यू-लॉ. पेटी मागवताना हे सांगावे लागते.

बरे, एवढे करूनही वाटेत कुठे आणखी एक रूपांतर असेल तर सगळे मुसळ केरात. इमारतीतले खासगी एक्स्चेंज अॅनालॉग असेल, किंवा तांब्याच्या एका जोडीवर दोन ग्राहक बसवणारी यंत्रणा वाटेत असेल, तर ५६ के चे मानक व्ही.९० गुपचूप व्ही.३४ वर येते. आवाज दाबून ३२ किलोबिटमध्ये नेणारा दुवा मध्ये आला तर व्ही.३४ सुद्धा धड चालत नाही. अमेरिकेत तर सगळे जुळले तरी लाईनवरच्या शक्तीच्या नियमामुळे ५३.३ किलोबिटच्या वर जायची परवानगी नव्हती.

आणि यावर कळस म्हणजे १९९७ मधली एक्स२ आणि के५६फ्लेक्स यांची लढाई. एक्स२ यूएस रोबोटिक्सचे, के५६फ्लेक्स रॉकवेल आणि ल्युसेंटचे. तत्त्व एक, बोली दोन. ग्राहकाकडे एक आणि सेवादात्याकडे दुसरे असेल तर दोघेही ३३.६ वर. वर्षभर ग्राहक मोडेम घेण्याआधी सेवादात्याला विचारत आणि सेवादाते ग्राहक कुठला मोडेम घेतात याचा अंदाज बांधत बसले. फेब्रुवारी १९९८ मध्ये व्ही.९० चा मसुदा पक्का झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला औपचारिक मान्यता मिळाली आणि तंटा मिटला. ज्यांच्या मोडेममध्ये फ्लॅश मेमरी होती त्यांनी फर्मवेअर उतरवून घेतले; ज्यांच्यात नव्हती त्यांना दुसरा मोडेम घ्यावा लागला. २००० साली व्ही.९२ आले, परतीचा वेग ४८ किलोबिटपर्यंत गेला आणि हँडशेक आटोपशीर झाला, पण तोवर ब्रॉडबँडची चाहूल लागली होती आणि सर्व्हरकडच्या पेट्या बदलण्याचा उत्साह फारसा कुणाला उरला नव्हता.

वेगाच्या मानकांइतकीच महत्त्वाची दुसरी जोडी म्हणजे चुका दुरुस्त करणारे व्ही.४२ आणि माहिती दाबून धाडणारे व्ही.४२बिस. त्याआधी मायक्रोकॉमच्या एमएनपी पद्धती रूढ होत्या, आणि व्ही.४२ मानकानेच एमएनपी ४ ला पर्यायी वाट म्हणून जागा दिली, त्यामुळे इथे जुळवणूक सहसा अडत नाही. एमएनपी ५ मध्ये एक खोट होती: आधीच दाबलेली झिप फाईल तिच्यातून गेली की आकाराने वाढे. व्ही.४२बिस अशा वेळी दाबणे थांबवते. नेटवर्कसाठी मी चुकांची दुरुस्ती अपरिहार्य मानतो. लाईनवरून नेटवर्कची माहिती चौकटींत नेणाऱ्या पीपीपीला चुकलेली चौकट ओळखता येते, पण ती तो टाकून देतो. पुन्हा मागवण्याचे काम वरच्या थरावर पडते आणि वेळ जातो. ही दुरुस्ती मोडेमच्या पातळीवर झालेली केव्हाही बरी.

मोडेम जुळले, लाईन जुळली, आता संगणक. इथे लोकांचे नाकी नऊ यायचे आणि कारण पटकन लक्षात यायचे नाही. व्ही.३४ चे २८,८०० बिट, त्यावर व्ही.४२बिसचे चौपट दाबणे, म्हणजे संगणक आणि मोडेम यांच्यात १,१५,२०० बिटांचा वेग हवा. सिरियल पोर्टवर एका अक्षराला दहा बिट लागतात, तेव्हा सेकंदाला ११,५२० अक्षरे. जुन्या ८२५० आणि १६४५० चिपकडे एकाच अक्षराची जागा असे. म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांनी प्रोसेसरने हातातले काम टाकून अक्षर उचलायचे. डिस्कच्या नादात जरा उशीर झाला की पुढचे अक्षर मागच्यावर येऊन पडले. १६५५०ए मध्ये सोळा अक्षरांची रांग आली आणि हा प्रश्न सुटला. ‘ए’ महत्त्वाचा, कारण मूळ १६५५० मधली रांग सदोष होती. जोडीला आरटीएस-सीटीएस या तारांवरून होणारे प्रवाहनियंत्रण हवेच. एक्सऑन-एक्सऑफ ही पद्धत माहितीच्याच ओघात थांबा-चला अशी अक्षरे मिसळते, ती पीपीपीसाठी नकोच.

इथलीच एक गंमत, जिच्यापायी बरीच भांडणे झाली. पडद्यावर ‘कनेक्ट ११५२००’ अशी ओळ येते आणि माणूस खूश होतो. ते बहुधा संगणक आणि मोडेममधल्या दीड मीटर केबलचे माप असते. लाईनवर प्रत्यक्षात २६,४०० चालू असू शकते. रॉकवेलच्या चिपवर ‘एटीडब्ल्यू२’ दिले की मोडेम लाईनचा वेग सांगू लागतो. यूएस रोबोटिक्सवर फोन ठेवल्यानंतर ‘एटीआय६’ दिले की मागच्या जोडणीचा सगळा हिशोब मिळतो: वेग, चुका, किती वेळा पुन्हा जुळवावे लागले, तुटली ती का तुटली. दोन मोडेम जमतात की नाही हे ठरवायला खोक्यावरच्या मजकुरापेक्षा हा हिशोब शंभर पटींनी उपयोगी. नवा मोडेम ठरवण्याआधी नेहमीच्या लाईनवरून, नेहमीच्या सर्व्हरला, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी फोन लावून हे आकडे टिपून ठेवावेत.

हुकमांची भाषा सर्वांनी उचलली असे वर म्हटले, पण ते फक्त मुळाक्षरांपुरते खरे आहे. प्रवाहनियंत्रण चालू करायला रॉकवेलच्या चिपवर ‘&के३’, तर यूएस रोबोटिक्सवर ‘&एच१&आर२’, किंवा हे सगळे एकदम बसवणारे ‘&एफ१’. म्हणूनच विंडोज एनटीच्या दूरस्थ प्रवेश सेवेला प्रत्येक मोडेमची माहिती ‘मोडेम.आयएनएफ’ या फाईलीत लागे आणि मायक्रोसॉफ्टच्या सुसंगत यंत्रांच्या यादीत नसलेला मोडेम घेणे म्हणजे ती ओळ स्वतः लिहीत बसणे. विंडोज ९५ आणि एनटी ४ पासून हे काम थोडे सोपे झाले. बहुतेक मोडेम ‘स्टँडर्ड मोडेम’ या नावाखाली चालतातही, पण प्रवाहनियंत्रणाशिवाय चालतात आणि मोठी फाईल उतरवताना दगा देतात.

सुटकेच्या खुणेची कथा तर सुरक्षेपर्यंत जाते. बोलणे चालू असताना मोडेमला हुकूम द्यायचा तर ‘+++’ पाठवायचे. हेजने त्याच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद शांतता असावी अशी अट घातली आणि तिचे पेटंट घेतले. पैसे वाचवण्यासाठी काही उत्पादकांनी शांततेची अट नसलेली पद्धत वापरली. परिणाम असा, की कुणीही इंटरनेटवरून ‘+++एटीएच०’ हा मजकूर भरलेले पिंग पाठवले आणि संगणकाने शिरस्त्याप्रमाणे ते जसेच्या तसे परत धाडले, की मोडेम तो हुकूम समजून फोन ठेवी. सर्व्हरला लावायच्या मोडेमवर ‘एस२=२५५’ देऊन ही खूणच बंद करावी.

आपल्याकडच्या लाईनची कथा वेगळी लिहायला हवी. मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या निमित्ताने डायल-अपवरून मेलची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमची सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला आली. शेल खाते घेतले की काळ्या पडद्यावर मेलसाठी पाइन आणि वेबसाठी लिंक्स. टीसीपी-आयपी खात्याला पैसे जास्त, पण चित्रे दिसत. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला मोडेम इथल्या लाईनला लावला की पहिला अनुभव ‘नो डायलटोन’चा. तिथला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा, आपला ४०० हर्ट्झच्या आसपासचा आणि थरथरता. मोडेम तो ओळखायचाच नाही. ‘एटीएक्स३’ दिले की टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो आणि एंगेज टोन मात्र ऐकतो. केंद्र जुने क्रॉसबार किंवा स्ट्रोजर असेल तर ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’, म्हणजे फिरत्या तबकडीसारखी टकटक.

त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर केबलच्या जोडांमध्ये पाणी शिरते, इन्सुलेशन उतरते आणि लाईनवर चरचर ऐकू येते. बोलताना माणूस ती सहन करतो, व्ही.३४ मात्र सारखे थांबून पुन्हा जुळवणी करत बसते आणि दर खेपेला काही सेकंद माहिती ठप्प होते. अशा लाईनवर कमाल वेगाचा आग्रह सोडावा. रॉकवेलच्या मोडेमला ‘+एमएस=११’ देऊन व्ही.९० चा प्रयत्नच करू देऊ नये, गरज पडली तर २४,००० किंवा १९,२०० वर टोपण लावावे. सलग चाललेले १९,२०० हे सतत अडणाऱ्या ४४,००० पेक्षा लवकर काम उरकते. लाईनवर समांतर जोडलेला दुसरा फोन असेल तर तो काढावा, आणि गडगडाटात मोडेमची पिन भिंतीतून काढून ठेवावी.

सर्व्हरकडे पर्याय तीन. दोन-चार लाईन असतील तर बाहेरचे मोडेम आणि संगणकाचे पोर्ट. आठ-सोळा असतील तर स्वतःचा प्रोसेसर असलेले बहुपोर्ट कार्ड आणि एकाच बनावटीचे मोडेम रांगेने. त्याहून जास्त, किंवा ५६ के हवे, तर असेंडची मॅक्स, यूएस रोबोटिक्सची टोटल कंट्रोल, लिव्हिंगस्टनची पोर्टमास्टर, सिस्कोची एएस५३०० अशा पेट्या तेव्हा मिळत. कोण आत येतो हे तपासणारी रेडियस पद्धत लिव्हिंगस्टननेच घडवली, आणि ती मोडेम गेल्यावरही वाय-फायच्या जगात टिकून आहे. लहान कार्यालयाला पासवर्डबरोबर कॉलबॅक पुरतो: सर्व्हर फोन ठेवतो आणि ठरलेल्या नंबरवर स्वतः लावतो.

शाखेतल्या संगणकासाठी माझी पसंती बाहेर ठेवायच्या, सिरियल तारेच्या आणि स्वतःचा नियंत्रक असलेल्या मोडेमला. स्वस्तातले विनमोडेम मोडेमचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतात आणि त्या एका विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय जागचे हलत नाहीत. लिनक्सवाल्यांनी त्यांच्यापायी वर्षे घालवली. शिवाय बाहेरच्या मोडेमचे दिवे बोलतात. ‘सीडी’ लागला आणि ‘आरडी’ लुकलुकत नाही, म्हणजे लाईन आहे पण समोरून माहिती येत नाही, हे फोनवर शाखेतल्या कारकुनालाही सांगता येते. सर्व्हरकडे ज्या घराण्याची चिप आहे त्याच घराण्याची शाखेत घ्यावी, आणि एकदा जमलेली फर्मवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी.

आज मोडेम विकत घेणाऱ्याला आणखी एका गोष्टीची चौकशी करावी लागते: भिंतीतली लाईन खरोखर तांब्याची आहे का. बऱ्याच ठिकाणी ती थोड्याच अंतरावर इंटरनेटच्या पाकिटांत बदलते. जी.७२९ सारखे आवाज दाबणारे कोडेक असेल तर मोडेमला काहीही ऐकू येत नाही, जी.७११ असले तरी एखादे पाकीट हरवले किंवा उशिरा आले की व्ही.३४ कोसळते. अशा लाईनवर जी.७११ सक्तीचे करावे, शांततेच्या वेळी पाकिटे न पाठवण्याची सोय बंद करावी, जिटर बफर ठरावीक लांबीचा ठेवावा आणि मोडेमला ९६०० वर, नाही जमले तर २४०० वर बांधावे. कन्सोलवरून राउटर पुन्हा चालू करायला तेवढा वेग पुरतो.